घोटा वाकत नाही तेव्हा

चढावर पडणारं पाऊल नीट पाहा. स्वतःच्या पायात घोटा वाकतो, नडगी पुढे झुकते आणि टाच जमिनीवरच राहते. साध्या कृत्रिम पायाला हे जमत नाही. पाऊल जवळजवळ काटकोनात पक्कं बसवलेलं असतं, त्यामुळे चवडा आधी टेकतो आणि गुडघ्याला मागे रेटतो. उतारावर याच्या उलट. टाच टेकते, पाऊल सपाट होताना नडगीला सोबत ओढतं आणि गुडघा अचानक दुमडतो. घोट्याचं हे हरवलेलं वाकणं गुडघ्यातून, खुब्यातून आणि वाट निवडण्यातून भरून काढायचं असतं.

थोडा फरक पावलाच्या प्रकारानेही पडतो. टाचेत मऊ फोम आणि आत कडक गाभा असलेल्या साध्या पावलाला घोटाच नसतो. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला रबरी जयपूर फूट बऱ्याच बाजूंना वळतो, म्हणून खाचखळग्यांत तो बरा. कार्बन फायबरचं पाऊल वजनाखाली लवतं आणि उसळी देतं. ही उसळी चढावर हवीशी असते, तीव्र उतारावर मात्र नकोशी. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा घोटा उताराप्रमाणे काही अंश वाकतो. बुटाच्या टाचेची उंची मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. जोडणी ज्या उंचीवर केली, त्याहून उंच टाचेचा बूट घातला की सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा साचा, पुढे कलतं. चढावर हे सोयीचं वाटतं आणि उतारावर तेच गुडघा दुमडवतं.

सराव डोंगरावर नाही, कठडा असलेल्या रॅम्पवर सुरू होतो. बारा फुटांत एक फूट चढणारा रॅम्प, म्हणजे पाच अंशांहून किंचित कमी. चढताना स्वतःचा पाय आधी, तोही लांब टाकायचा. कृत्रिम पाय मागून, आखूड. उतरताना कृत्रिम पाय आधी आणि पाऊल लहान. गुडघ्याखालचा पाय गेला असेल तर टाच टेकताना गुडघा जरासा वाकलेला हवा आणि मांडीच्या पुढच्या स्नायूने तो धरून ठेवायला हवा. नवखा माणूस भीतीने गुडघा ताठ करतो आणि प्रत्येक पावलाचा दणका स्टंपवर, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागावर घेतो.

पाय गुडघ्याच्या वरून गेला असेल तर गोष्ट अवघड. साध्या गुडघ्याच्या सांध्यावर, टाच टेकताक्षणी स्टंप सॉकेटमध्ये मागे दाबायचा, नाहीतर सांधा दुमडलाच म्हणून समजा. हायड्रॉलिक सांध्यावर याच्या उलट, वजन टाकून सांध्याला सावकाश खाली जाऊ द्यायचं. शरीर याला सहज तयार होत नाही, म्हणून आधी कठड्याजवळ. लांब उतारावर हे हायड्रॉलिक तापतं, मध्येमध्ये थांबायचं.

उतार तीव्र झाला की सरळ जाण्याचा हट्ट सोडायचा. आडवं उभं राहून, स्वतःचा पाय वरच्या बाजूला ठेवून बाजूने पावलं टाकायची. नागमोडी वाटेवर एका वळणानंतर कृत्रिम पाय वरच्या बाजूला येतो. त्या टप्प्यात तो लांब पडतो, चवडा दगडाला अडकतो. तिथे खुबा वर उचलून पाय पुढे काढायचा किंवा वळणच छोटं ठेवायचं. काठ्या दोन हव्यात: चढावर नेहमीपेक्षा पाचेक सेंटिमीटर आखूड, उतारावर तितक्याच लांब.

आता सॉकेटच्या आत काय चाललंय ते पाहू, कारण वाट बहुधा इथेच अडते. चालताना स्टंप आक्रसतो, सॉकेट सैल होतं, स्टंप खाली सरकतो. उतारावर प्रत्येक पावलागणिक तो आणखी रुततो आणि गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकावर भार येतो. पिन-लॉक असेल, म्हणजे स्टंपवरच्या आवरणाची पिन सॉकेटच्या तळाशी खटक्यांनी अडकत असेल, तर पाय घालताना खटके मोजा. सकाळी चार खटके ऐकू येत होते आणि आता सात आले, तर स्टंपवर पायमोजा चढवायची वेळ झाली. एक प्लायचा (प्लाय म्हणजे मोज्याच्या जाडीचं माप) आधी, पुरेना तर तीनचा. दुखायला लागेपर्यंत थांबू नका. स्टंपवर चढवलेल्या सिलिकॉन लायनरच्या, म्हणजे मऊ आवरणाच्या आत घाम साचला की पकड सुटते. लायनर काढून, स्टंप आणि लायनर दोन्ही कोरडे पुसून पुन्हा घालायचे. पण विश्रांतीला लायनर उगाच काढून बसू नये. दाब गेला की स्टंप सुजतो आणि सॉकेट चढत नाही.

घरी आल्यावर आरशात स्टंप चारही बाजूंनी पाहायचा. दहा-पंधरा मिनिटांत विरणारी लाली चालेल. त्यानंतरही टिकली तर जागा लिहून ठेवायची: वाटीचं टोक, नडगीचं टोक, बाहेरच्या हाडाचा उंचवटा. कातडी सोलली असेल तर बरी होईपर्यंत पाय चढवायचा नाही, आणि प्रोस्थेटिस्टकडे (कृत्रिम पाय बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे) जाताना सॉकेटसोबत त्या दिवशी वापरलेले मोजे आणि बूटही न्यायचे.