ससाण्याच्या पोरांची राखण

मंडळी, राखण म्हटलं की आपल्याला माळ्यावर बसून पाखरं हाकणारा गडी आठवतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या सिटी हॉलखाली मी करतो ती राखण उलटी. इथे पाखरांनाच जपायचं. गाड्यांपासून, माणसांपासून आणि सगळ्यात जास्त काचेपासून.

ही अठरा मजली इमारत २००५ साली उघडली आणि २००७ मध्ये बहिरी ससाण्याची जोडी तिथे नांदायला आली. वरच्या कठड्यावर त्यांच्यासाठी खडी पसरलेली पेटी ठेवली आहे. हा पक्षी काड्या गोळा करत बसत नाही, खडीमातीत खळगा उकरतो आणि अंडी घालतो. सह्याद्रीच्या कड्यांवर त्याचा भाऊबंद, शाहीन, हेच करतो. सिटी हॉल त्यांच्या लेखी एक कडाच, आणि पायथ्याशी कबुतरांचा बाजार!

१९७० साली अख्ख्या कॅलिफोर्नियात यांच्या दोनच जोड्या आढळल्या होत्या. डीडीटी हे कीटकनाशक भक्ष्यातून मादीच्या अंगात जाई, अंड्यांची कवचं पातळ होत आणि उबवायला बसलेल्या आईखालीच फुटत. १९७२ मध्ये अमेरिकेत त्यावर बंदी आली, माणसांनी वाढवलेली पिल्लं रानात सोडली गेली, तेव्हा कुठे वंश सावरला.

पिल्लं साधारण चाळीस दिवसांची झाली की आमची पाळी सुरू होते. आधी उडतो तो नर, अंगाने लहान म्हणून. कठड्यावर पंख आपटत इकडून तिकडे धावतो, डोक्यावर अजून लव चिकटलेली, आणि मग एकदम हवेत! बघे टाळ्या वाजवतात. आम्ही नाही वाजवत. उडणं त्याला येतंच हो, उतरणं कुठे येतंय? वाऱ्याला तोंड द्यायचं, शेपूट पसरायची, वेग मोडायचा, हे सगळं अजून शिकायचं असतं. त्यात समोर काचेचा भलाथोरला घुमट, ज्यात त्याला आभाळच दिसतं.

एकदा एक पोरगा त्या घुमटावरून नखं खरवडत घसरला तो थेट फूटपाथवर, सायकलींच्या स्टँडखाली. एक भला माणूस आपलं सँडविच पुढे करत धावला. मी त्याला अडवलं, मग गाड्या अडवल्या. माझं काम तेवढंच. पक्ष्याला हात लावायचा परवाना असलेल्या बाईंनी टॉवेल टाकला. डोळ्यांवर अंधार झाला तसा पोरगा गप्प. तपासलं, धडधाकट होता. खोक्यात घालून लिफ्टने गच्चीवर नेला. कोवळ्या पंखांना जमिनीवरून उठणं जड जातं, त्यांना उंची लागते. लिफ्टमध्ये सूटबूटवाले एक गृहस्थ खोक्याकडे बघत म्हणाले, "लंच?"

गच्चीवर त्याची आई पंजात कबूतर धरून त्याच्या समोरून गेली. दिलं नाही. पुन्हा आली, पुन्हा नाही. हा आपला किंचाळतोय. मला वाईट वाटलं, खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पलीकडच्या इमारतीवर उतरला. उतरला कसला, आदळला, पण पायांवर.