डब्यातलं मूळ तेल

चेंबूरहून माहुलकडे निघालं की रिफायनरीची धुराडी दिसू लागतात. इथे पेट्रोल-डिझेल होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. हिंदुस्थान पेट्रोलियमच्या याच आवारात १९६९ पासून बेस ऑइल, म्हणजे वंगणाचं मूळ तेलही बनतं. तेव्हा कंपनीचं नाव होतं ल्यूब इंडिया. इंजिन ऑइलच्या डब्यावर कौतुक असतं वरून मिसळलेल्या रसायनांचं, म्हणजे अ‍ॅडिटिव्हचं; आत मात्र ७० ते ९० टक्के हे बेस ऑइलच असतं.

कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल निघाल्यावर तळाशी दाट, काळं तेल उरतं. ते आणखी तापवलं तर रेणूच तुटायला लागतात. म्हणून टॉवरमधली हवा खेचून, कमी दाबाखाली ते उकळतात आणि पातळ-दाट असे भाग वेगळे काढतात. मग फुरफुरालसारखं द्रावक त्यातले कड्यांच्या आकाराचे अ‍ॅरोमॅटिक रेणू ओढून घेतं. ते राहिले, तर तापल्यावर तेल फार पातळ होतं आणि लवकर खराब होतं.

आता मेण. थंडीत खोबरेल थिजतं, तसं मेण असलेलं तेल गारठ्यात इंजिनात हलायचंच नाही. म्हणून त्यात एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) आणि टोल्युइन ही द्रावकं मिसळून ते शून्याखाली गार करतात. फिरत्या ड्रमवरच्या कापडावर मेणाचे स्फटिक अडकतात, तेल आत ओढलं जातं. या साऱ्या कामातली मला ही सर्वांत देखणी पायरी वाटते.

शेजारच्या भारत पेट्रोलियममध्ये २००६ साली वेगळी पद्धत आली. तिथे हायड्रोक्रॅकरच्या, म्हणजे हायड्रोजनच्या दाबाखाली जड तेल तोडणाऱ्या यंत्रणेच्या, तळाचं तेल घेतात. उत्प्रेरक आणि हायड्रोजनच्या साहाय्याने मेणाच्या सरळ साखळ्यांना फांद्या फुटतात, आणि मेणाचंच तेल होतं.

बेस ऑइलची निवड होते ती त्याच्या गुणांनुसार पाडलेल्या गटांवरून. द्रावकाच्या जुन्या पद्धतीचं तेल बहुधा गट एकमध्ये येतं. गट दोनमध्ये सॅच्युरेट्स (हायड्रोजनने पूर्ण भरलेले, टिकाऊ रेणू) किमान ९० टक्के, गंधक फार तर ०.०३ टक्के. त्यात व्हिस्कॉसिटी इंडेक्स (आकडा जितका मोठा, तितकं तापल्यावर तेल कमी पातळ होतं) १२० किंवा जास्त असेल तर गट तीन. २०डब्ल्यू-४० या दाट इंजिन ऑइलला पहिले दोन गट पुरतात. ०डब्ल्यू-२० या पातळ ऑइलला गट तीन किंवा पीएओ (पॉलीअल्फाओलेफिन) हे कृत्रिम तेल लागतं. गट एकचं तितकं पातळ तेल तापलेल्या इंजिनातून उडून जातं.

पण वरचा गट म्हणजे प्रत्येक कामाला चांगलं तेल, असं धरू नका. अ‍ॅडिटिव्ह विरघळवण्यात पहिला गटच सरस. जहाजांच्या इंजिनांना लागणारं ब्राइट स्टॉक नावाचं खूप दाट बेस ऑइलही मुख्यतः द्रावकाच्या या जुन्या पद्धतीच्या प्लांटमधूनच येतं, आणि जगभर असे प्लांट एकेक करून बंद होत आहेत.