सिलिंडर गेला, पाइप आला

(दृश्य: लालबागच्या चाळीतलं स्वयंपाकघर. ओट्यावर शेगडी उलटी करून ठेवलेली.)

घरात पाइपचा गॅस आला की फिटर आधी शेगडीचे जेट, म्हणजे गॅस सोडणाऱ्या छोट्या तोट्या, बदलतो. सिलिंडरच्या जेटचं भोक बारीक, पाइपच्या गॅसला मोठं लागतं. कारण गॅसच वेगळा. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन, पाइपमध्ये मुख्यतः मिथेन. तिघंही अल्केन कुळातले: नुसता कार्बन आणि हायड्रोजन, सगळे बंध एकेरी. पण मिथेनमध्ये कार्बन एकच, प्रोपेनमध्ये तीन, ब्यूटेनमध्ये चार. तेवढ्याच आकारमानाचा मिथेन जाळला तर उष्णता कमी मिळते, म्हणून तो जास्त सोडावा लागतो.

(दृश्य: पंपावर रिक्षांची रांग.)

कार्बनची साखळी लांबली की रेणू एकमेकांना घट्ट धरतात आणि उत्कलनांक चढतो. मिथेन उणे १६१ अंशांना उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला, ब्यूटेन शून्याच्या जरासा खाली. म्हणून प्रोपेन-ब्यूटेन दाबाखाली द्रव होऊन सिलिंडरमध्ये बसतात. मिथेनवर मुंबईच्या हवेत कितीही दाब टाका, तो द्रव होत नाही. रिक्षाच्या टाकीत तो दाबलेला वायूच असतो. आणि पाच कार्बनांचा पेंटेन? ३६ अंशांना उकळतो. मे महिन्यात त्याची बाटली उघडी ठेवायची सोय नाही. साखळी वीस कार्बनांच्या पुढे गेली की मेण. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेतल्या मेणबत्त्यांत बहुधा हेच पॅराफिन असतं.

गळती झाली तर फरक जिवावर बेततो. मिथेन हवेहून हलका, छताकडे जातो. प्रोपेन-ब्यूटेन जड, फरशीवर साचतात. वास मात्र यांपैकी एकालाही नाही. नाकाला झोंबतं ते मुद्दाम मिसळलेलं मर्कॅप्टन.

(दृश्य: प्रयोगशाळा.)

आम्ल ओता, अल्कली ओता, साध्या तापमानाला अल्केन ढिम्म. क्लोरीनशेजारीही अंधारात मिथेन गप्प असतो. अतिनील प्रकाश पडला की क्लोरीनचा रेणू फुटतो. सुटा अणू मिथेनचा एक हायड्रोजन हिसकावतो, उरलेला तुकडा, मिथिल मूलक, दुसऱ्या क्लोरीन रेणूला फोडून क्लोरोमिथेन होतो, त्यातून पुन्हा एक सुटा अणू. ही साखळी-अभिक्रिया सुरू झाली की आवरणं कठीण: एकेका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसत क्लोरोमिथेनवरून डायक्लोरोमिथेन, क्लोरोफॉर्म, थेट कार्बन टेट्राक्लोराइडपर्यंत.

(दृश्य: पेटलेली शेगडी, निळी ज्योत.)

ठिणगी पडली की ऑक्सिजनशीही तसंच. मिथेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे दोन लागतात. बनतो एक कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याचे दोन रेणू. थंड पातेलं ज्योतीवर ठेवल्याबरोबर बाहेरून दव धरतं, ते हेच पाणी. हवा कमी पडली तर ज्योत पिवळी होते, बुडाला काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. पिवळी ज्योत दिसली की बर्नर साफ करा, खिडकी उघडा. गळतीत सावध करणारं मर्कॅप्टन इथे कामाचं नाही, ते ज्योतीत जळून गेलेलं असतं.