तालीम सगळ्यांची

(दृश्य: कोल्हापुरातली तालीम, पहाट. हौद्यातली माती उकरली जातेय.)

लाल माती. तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू. ती मऊ राहावी म्हणून रोज खोऱ्यानं उकरावी लागते. मैदान मारून आलेला पैलवानही इथं खोरं हातात घेतो आणि कालच भरती झालेलं पोरगंही.

(दृश्य: खासबाग मैदान.)

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला. १९१२ मध्ये हे खासबाग मैदान उभं राहिलं. पण राजाश्रय गेल्यावरही कुस्ती जगली, ती गावांनी जगवली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले, तेव्हा प्रवासाला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

गावाच्या पैशावर, गावाच्या दुधावर पैलवान घडतो. मग त्या तालमीची पायरी गावातल्या प्रत्येकाला चढता यायला हवी. तशी ती येत नव्हती.

(दृश्य: हमीदा बानू यांचं जुनं छायाचित्र.)

महिला पैलवान हमीदा बानू. १९५४ मध्ये बडोद्यात त्यांनी बाबा पहिलवानाला दीड मिनिटाच्या आसपास चीत केलं. याच हमीदा बानूंनी कोल्हापुरात एका पुरुष मल्लाला हरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली, दगड मारले. कुस्तीची पंढरी म्हणवणाऱ्या आपल्या शहरानं हे लक्षात ठेवलं पाहिजे.

महाराष्ट्र केसरी १९६१ पासून होते. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी व्हायला मार्च २०२३ उजाडलं. सांगलीत झालेली ती स्पर्धा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली.

(दृश्य: मुलींचा सराव. एक मुलगी पडते, उठते, पुन्हा पकड घेते.)

तालमीत आलेल्या मुलीला डावाच्या आधी पडायला शिकवतात. मान आत, हनुवटी छातीला. ढाक, एकलंगी, घिस्सा हे सगळं नंतर. पण तिच्या तालमीत येण्यानं सगळ्यात मोठा फरक पडतो तो घरच्या चुलीपाशी. जिथं दुधाचा मोठा पेला मुलासाठी राखून ठेवला जायचा, तिथं आता मुलीच्या खुराकाचा हिशेब मांडावा लागतो. दूध, बदाम, अंडी. पोरीच्या अंगात ताकद यावी म्हणून बाप पदरमोड करतो, ही मला कुठल्याही पदकाइतकी मोठी गोष्ट वाटते.

मात्र नुसतं दार उघडून भागत नाही. २०२३ मध्येच देशातल्या नामवंत महिला मल्ल लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन जंतरमंतरवर बसल्या होत्या. म्हणून कपडे बदलायला बंद खोली हवी, सरावाच्या वेळी जबाबदार बाई हजर हवी, आणि वस्तादाविरुद्ध तक्रार असेल तर ती वस्तादाकडेच करावी लागू नये. एवढं नसेल, तर आईबापांनी मुलगी पाठवावी तरी कशाच्या भरवशावर?

(दृश्य: मॅटवर दोन मल्ल, हातात हात.)

हरियाणाचे वीरेंदर सिंग यांना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. मैदानातली हलगी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तरी ऐकू येणाऱ्या मल्लांशी दंगलीत लढत ते घडले आणि कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे डेफलिंपिकमध्ये, २००५, २०१३, २०१७ अशी तीन सुवर्णपदकं त्यांनी जिंकली. कुस्ती स्पर्शावर चालते. समोरच्याचा भार कुठल्या पायावर गेला, हे मनगटाला आणि खांद्याला आधी कळतं. दृष्टिहीनांच्या ज्युदोत तर लढत सुरू होतानाच दोघांनी एकमेकांची पकड घेतलेली असते. कपिल परमार यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये याच प्रकारात कांस्यपदक मिळवलं.

ऐकू न येणाऱ्या मुलाला शिकवायला वस्तादाला हाताच्या चार खुणा ठरवाव्या लागतात, डाव आधी स्वतः करून दाखवावा लागतो, थांबवताना खांद्यावर थाप द्यावी लागते. असं दाखवून शिकवलं की शेजारी उभ्या असलेल्या बाकीच्या पोरांनाही डाव लवकर उमगतो.

(दृश्य: गावची जत्रा, कुस्त्यांचं मैदान भरतंय.)

आता जत्रांचे दिवस येतील, कुस्त्यांची पत्रकं छापली जातील. यात्रा कमिट्यांना आमची विनंती आहे. मुलींच्या कुस्त्या भर उन्हात, मैदान रिकामं असताना उरकू नका. संध्याकाळी लावा, गर्दीसमोर, हलगीवर. आणि इनाम मुलांच्या बरोबरीनं ठेवा.