कधी एकाचे दोन, कधी कोष

श्रोतेहो, नमस्कार. आज नाल्यातल्या नखाएवढ्या जिवाबद्दल बोलू. प्लॅनेरिया, म्हणजे गोड्या पाण्यातला चपटा कृमी. तिकोनी डोकं, त्यावर दोन तिरळे वाटणारे डोळे. हा पोटातला जंत नव्हे, माणसाला याचा काही त्रास नाही.

होळी उलटून गेली होती. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, झऱ्याच्या सावलीत, भाच्यानं आणि मी सुतळीला कलेजीचा तुकडा बांधून दगडाखाली सोडला. काठावर कपडे धुणारी आजी ओरडली, "काऊन रे, कलेजी पाण्यात टाकून राह्यले?" थोड्या वेळानं सुतळी ओढली, तर तुकड्याला तपकिरी कृमी चिकटलेले! झऱ्याच्याच पाण्यात, काचेच्या बरणीत भरून घरी नेले.

रात्री एकानं शेपटी काचेला घट्ट रोवली आणि पुढचं अंग ओढायला लागला. ताणत गेला, ताणत गेला, मध्ये बारीक झाला आणि तुटला! सकाळी आजी मुद्दाम बघायला आली. बिनडोक्याचा तुकडाही सरकत होता. "वं माय, येकाचे दोन झाले!" पुढे त्या शेपटीला डोकं आलं, डोळेही आले. आजी रोज विचारायची, "आला का डोया?" डोळे दिसले तेव्हा म्हणाली, "मंग हे अंडे कवा देते?"

पोरांना गाइडमधली उत्तरं घोकायला लावतात, त्यापेक्षा असा एक प्रश्न मोलाचा. मला तर वाटतं, शाळेचा एक तास नाल्यावरच भरवावा.

तर आजीचं उत्तर. काही जाती वर्षभर नुसत्या तुटतात, काही फक्त अंडी घालतात. पण ज्यांना दोन्ही जमतं, त्यांचं बहुतेकदा पाण्याच्या तापमानावर ठरतं. पाणी तापलं की तुटायचं, थंड झालं की कोष, म्हणजे अंड्यांच्या बारीक पिशव्या, घालायचे. पुन्हा सांगतो: उन्हात तुटणं, थंडीत कोष. अंगभर पसरलेल्या मूळ पेशी एरवी तुटलेलं डोकं घडवतात, त्याच पेशींतून थंडीत बीजांडकोश आणि वृषणं तयार होतात, दोन्ही एकाच कृमीत. तरीही अंड्यांसाठी सहसा दोघांची जोडी लागते. दगडाखाली चिकटलेला कोष आधी फिकट असतो, मग काळपट होतो. एका कोषातून बरीच पिल्लं निघतात. ऊन वाढलं की ते अवयव आक्रसतात.

म्हणूनच खोलीकरणात नाल्यातले दगड उचलून नेतात, ते मला मुळीच पटत नाही. पाणी साठवा, पण दगड राहू द्या.

बरणी ठेवाल तर सावलीत ठेवा. नळाचं पाणी घालू नका, त्यातल्या क्लोरीननं ते मरतात. कलेजी खाऊन झाली की पाणी लगेच बदला.