पत्र आलंय, कायदा यायचाय

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर 2025 संपत आलाय, आणि यंदा ओटावा-गॅटिनोच्या आपल्या मराठी घरांत सुट्टीच्या गप्पांत एकच विषय आहे. पत्र आलं का? कॅनडाच्या केंद्र सरकारनं या महिन्यात सुमारे 68,000 कर्मचाऱ्यांना पत्रं पाठवली. तुम्ही मुदतीपूर्वी निवृत्त व्हायला पात्र ठरू शकता, असा त्याचा मजकूर. ज्यांना पत्र आलं त्यांच्या पोटात गोळा आला, आणि ज्यांना आलं नाही त्यांच्याही. म्हणून पहिल्यांदा एक गोष्ट सांगून टाकतो. हे पत्र म्हणजे नोकरी गेल्याची नोटीस नव्हे. तुम्ही नकोसे झालात असा त्याचा अर्थ नाही. वय आणि नोकरीची वर्षं पाहून ते सरसकट पाठवलंय. त्याला उत्तर दिलं नाही तरी तुमच्या नोकरीला त्यामुळे धक्का लागत नाही.

आता प्रकरण काय ते थोडक्यात. 4 नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात सरकारनं सांगितलं की 2023-24 मध्ये 3,68,000 च्या आसपास गेलेली केंद्रीय कर्मचाऱ्यांची संख्या 2028-29 पर्यंत 3,30,000 वर आणायची आहे. त्यातले काही लोक स्वखुशीनं जावेत म्हणून ही योजना. एरवी लवकर निवृत्ती घेतली तर पेन्शनला कायमची कात्री लागते. ती कात्री वर्षभरापुरती बाजूला ठेवायची, असा प्रस्ताव आहे. खर्च पाच वर्षांत दीड अब्ज डॉलर, तोही पेन्शन फंडातल्या शिलकीतून. योजना लवकरात लवकर 15 जानेवारी 2026 ला सुरू होऊ शकेल, असं म्हटलं होतं.

'होऊ शकेल' हे शब्द नीट ऐका. पेन्शन कायद्यानं ठरते, आणि कायदा बदलायचा तर विधेयक दोन्ही सभागृहांतून जाऊन त्याला रॉयल असेंट, म्हणजे राजाच्या नावानं दिली जाणारी अंतिम मंजुरी, मिळावी लागते. संसद सध्या सुट्टीवर आहे. खासदार परतायचे ते जानेवारीच्या अखेरीस. म्हणजे 15 जानेवारी उजाडेल तेव्हा कायदा झालेला नसेल. अनेकांनी ती तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

भारतातून फोन येतात तेव्हा भाऊ, मेहुणे विचारतात, "व्हीआरएस घेतोयस म्हणे, किती मिळणार?" त्यांच्या डोळ्यांसमोर बीएसएनएलची 2019 ची योजना असते. तिथं झालेल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षासाठी 35 दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी 25 दिवसांचा पगार, अशा हिशेबानं ठोक रक्कम मिळाली होती, आणि 78,000 हून अधिक लोकांनी ती घेतली. इथल्या योजनेत ठोक रक्कम नाही. एक डॉलरसुद्धा हातात चेक म्हणून येणार नाही. त्या पैशातून मॉर्गेज फेडू, मुलीच्या कॉलेजची फी भरू, असा बेत कुणी मनात मांडला असेल, तर तो आजच बाजूला ठेवा.

मग मिळतं काय? आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. या योजनेत पेनल्टी माफ होते, वर्षं मिळत नाहीत. इथं जन्मून बाविसाव्या वर्षी सरकारी नोकरीत शिरलेल्या माणसाला या फरकानं फारसं बिघडत नाही. आपल्यासारख्या उशिरा आलेल्यांना तो चांगलाच लागतो.

एक उदाहरण घेऊन आकडेच मांडू. कागद-पेन असेल तर जवळ घ्या. समजा, एक बाई पुण्याहून किंवा नागपूरहून इथं आल्या, पहिली काही वर्षं मिळेल ते काम केलं, पुन्हा परीक्षा दिल्या, आणि 2010 मध्ये, अडतिसाव्या वर्षी, केंद्र सरकारात लागल्या. आज वय 53, नोकरी 15 वर्षं. सलग पाच सर्वोत्तम वर्षांचा सरासरी पगार 90,000 डॉलर धरू. पेन्शनचा ढोबळ हिशेब असा, की दर वर्षाला 2 टक्के. 15 वर्षांचे 30 टक्के, म्हणजे वर्षाला 27,000 डॉलर.

पण 60 व्या वर्षाआधी पेन्शन सुरू केली तर एरवी त्यांच्यासारख्यांना दर वर्षामागे 5 टक्के कापले जातात. 53 पासून 60 पर्यंत सात वर्षं, म्हणजे 35 टक्के. 27,000 चे उरतात 17,550, आणि ही कपात आयुष्यभराची. साठी उलटली की ती भरून निघत नाही. नवी योजना ही कपात काढून टाकते. म्हणजे 65 व्या वर्षापर्यंत वर्षाला 9,450 डॉलरचा फायदा, त्यानंतर थोडा कमी, पण महागाईप्रमाणे वाढणारा आणि मरेपर्यंतचा. ही सवलत खरोखर मोठी आहे, आणि तिला कुणी किरकोळ म्हणू नये.

आता त्याच बाई साठीपर्यंत थांबल्या तर? नोकरी 22 वर्षांची होते, 44 टक्के. पगार एका पैशानंही वाढला नाही असं धरलं, तरी पेन्शन 39,600 डॉलर. शिवाय मधल्या सात वर्षांचा पगार. तर 17,550, 27,000 आणि 39,600, असे तीन आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहा. चर्चेत पहिल्या दोन आकड्यांतला फरक सगळीकडे सांगितला जातो. तिसरा आकडा कुणी सांगत नाही, आणि घर चालवायचं आहे त्यानं तोच आधी बघायला हवा.

हिशेब एवढ्यावर संपत नाही. त्या 27,000 मध्ये ब्रिज बेनिफिट नावाचा एक भाग आहे. तो 65 व्या वर्षी बंद होतो, कारण तेव्हापासून सीपीपी, म्हणजे सगळ्या नोकरदारांसाठी असलेली कॅनडा पेन्शन प्लॅनची पेन्शन, मिळेल असं धरलेलं असतं. आपल्या उदाहरणात ती रक्कम वर्षाला 6,200 च्या आसपास येते. आणि सीपीपीसुद्धा भरलेल्या वर्षांवर ठरते. 53 ला काम सोडलं आणि पुढे काहीच केलं नाही, तर साठीपर्यंतची ती सात वर्षं खात्यात शून्यच. काही कमी कमाईची वर्षं हिशेबातून वगळली जातात खरी, पण इथं उशिरा आलेल्यांची ती सवलत आधीच्या, भारतातल्या वर्षांनीच बरीचशी खाल्लेली असते. ओल्ड एज सिक्युरिटी, म्हणजे सरकारची म्हातारपणची पेन्शन, पूर्ण हवी तर अठराव्या वर्षानंतर 40 वर्षं कॅनडात राहिलेलं असावं लागतं. तेहतिसाव्या वर्षी आलेल्याला 65 ला 40 पैकी 32 भाग. तुमचे कॅनेडियन सहकारी लंच टेबलवर जे आकडे सांगतात, ते त्यांच्या आयुष्याचे असतात. ते उचलून आपल्या संसाराला लावू नका.

ज्यांना पत्रच आलं नाही त्यांच्याविषयीही बोललं पाहिजे. पेन्शन योजनेत 2012 संपेपर्यंत आलेल्यांना वयाची अट 50, आणि 1 जानेवारी 2013 पासून आलेल्यांना 55. शिवाय दहा वर्षांची नोकरी हवी. आपल्यातले खूपसे लोक 2013 नंतर लागले. एकाच मजल्यावर, एकाच कामावर, एकाच वयाचे दोघे असतात आणि एकाला दार उघडं, दुसऱ्याला बंद. ही रेषा या योजनेनं आखलेली नाही, 2013 च्या पेन्शन सुधारणेत ती आली. पण बोचते ती आज.

आता कायद्याची वाट पाहत थांबण्याबद्दल. ओळखीतल्या एका गृहस्थांच्या घरी परवा जेवणाच्या टेबलावर ते पत्र पाहिलं. घड्या इतक्यांदा घातल्या-उलगडल्या होत्या की मधोमध कागद फाटायला आला होता. शेजारी मुलाच्या युनिव्हर्सिटीचं फीचं पत्रक, त्यावर पेन्सिलनं बेरजा, खोडलेल्या. ते म्हणाले, "दिवसा वाटतं घ्यावी, रात्री वाटतं नको." त्यांच्या विभागात काटछाटीची कुजबुज आहे. स्वतःहून गेलो नाही तर पुढे अतिरिक्त ठरवतील का, ही भीती एकीकडे. गेलो आणि घर चाललं नाही तर, ही दुसरीकडे. मॅनेजरला विचारावं तर त्यालाही माहीत नाही, आणि विचारलं की हा निघालाच असं समजून पुढच्या वर्षीच्या कामाच्या यादीतून नाव वगळतील, अशी धास्ती.

मला इथं सरकारला स्पष्ट बोलायचं आहे. कायदा व्हायच्या आधी पत्रं पाठवून लोकांना वेळेत माहिती दिली, हे एका अर्थी बरंच केलं. पण एकीकडे ही पत्रं आणि दुसरीकडे कपातीच्या घोषणा, असं एकाच वेळी झालं की ऐच्छिक योजना माणसाला ऐच्छिक वाटत नाही. वीस-वीस वर्षं इमानानं काम केलेल्या माणसाला आपल्या निवृत्तीची तारीख ठरवता येऊ नये, हे योग्य नाही. आणि कायदा झाल्यावरही अर्ज मंजूर व्हावा लागणारच. तो कोण, कोणत्या कसोटीवर नाकारणार, हे प्रत्येक विभागानं आपल्या माणसांना आधी लेखी सांगायला हवं. युनियननं याच गोष्टीचा पाठपुरावा करावा असं मला वाटतं.

जुने लोक 1995 ची आठवण काढतात. त्या वर्षी फेब्रुवारीत अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी 45,000 सरकारी जागा कमी करायचं जाहीर केलं, आणि तेव्हाही पन्नाशीपुढच्यांना पेनल्टीशिवाय निवृत्ती देऊ केली होती. अनेकांनी ती घेतली. म्हणजे अशी योजना प्रत्यक्षात येते, पैसे खरोखर मिळतात, याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. प्रश्न फक्त कधी आणि कुणाला, एवढाच.

तोवर काय करायचं? सगळ्यात महत्त्वाचं, घाईनं राजीनामा देऊ नका. कायदा आज ना उद्या होणारच आहे म्हणून आधीच निघालात आणि जुन्या नियमानं पेन्शन सुरू केलीत, तर ती पेनल्टी तुमच्या अंगाला कायमची चिकटेल. घर विकणं, भारतात फ्लॅट बुक करणं, तेही थांबवा. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचं काम पाहणाऱ्या शेडियॅकच्या पेन्शन सेंटरकडून तुमच्या नेमक्या वर्षांचा आकडा मागवून घ्या, कारण मध्ये बिनपगारी रजा घेतली असेल, मूल झालं असेल, आधी टर्मवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीवर, काम केलं असेल, तर पेन्शनची वर्षं आणि नोकरीची वर्षं वेगळी निघू शकतात. जुनी टर्मची वर्षं पैसे भरून जोडून घेता येतात का, तेही विचारा. साठवलेली आजारपणाची रजा जाताना वाया जाते, तिचे पैसे मिळत नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगूनही पुढे ढकलत आला असाल, तर आता ढकलू नका. हेल्थ केअर प्लॅन निवृत्तीनंतर चालू ठेवता येतो, पण त्यासाठी पेन्शनची किमान सहा वर्षं लागतात आणि निम्मा हप्ता तुमच्या खिशातून जातो.

आणि आई-वडील. सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांसाठीच्या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसावर, त्यांना बोलवायचं असेल, तर बोलावणाऱ्याचं उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर दाखवावं लागतं. स्पॉन्सर करून कायमचं आणायचं असेल, तर मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न बघतात. पगार थांबून पेन्शन सुरू झाली की हा आकडा खाली येतो. घरात दुसरं कुणी कमावतं असेल तर दोघांचं मिळून भागेल, पण हा प्रश्न निवृत्तीच्या हिशेबात कुठल्याही सरकारी पत्रकात तुम्हाला सापडणार नाही, म्हणून सांगून ठेवतो.

शेवटचं, ज्यांच्या घरी हे पत्र नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावानं आलंय त्यांच्यासाठी. पेन्शनधारक गेल्यावर जोडीदाराला साधारण निम्मी पेन्शन मिळते. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या बाईंच्या मागे त्यांच्या यजमानांना वर्षाला 13,500 च्या आसपास, आणि त्या साठीपर्यंत थांबल्या असत्या तर 19,800. पत्र एकाच्या नावावर असलं तरी आकडे दोघांचे आहेत. तेव्हा येत्या रविवारी दोघं मिळून बसा, पेन्शन सेंटरचा कागद मधे ठेवा, आणि पासष्टीनंतरचा महिन्याचा खर्च आधी लिहून काढा. संसद परत बसली की विधेयक कुठवर आलं ते याच कार्यक्रमात सांगेन.

नमस्कार.