हरणं कमी, तिथं हंगाम मोठा

मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी मला विचारलं, "न्यूयॉर्क राज्य एक, तर हरणांच्या शिकारीचा हंगामही एकच का नाही? प्रत्येक भागाची तारीख वेगळी कशाला?" भारतात १९७२ च्या कायद्यानं शिकारीची दारं बंद झाली, त्यामुळं आपल्यापैकी बहुतेकांना हा प्रश्न इथं अमेरिकेत आल्यावरच पडतो. त्यापासूनच सुरुवात करतो.

उत्तर विभागात, म्हणजे ॲडिरॉन्डॅकच्या डोंगररानात, बंदुकीचा मुख्य हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात उघडतो आणि साधारण ४४ दिवस चालतो. दक्षिण विभागात तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो आणि साधारण २३ दिवसांत आटोपतो. हरणं मात्र दक्षिणेत जास्त. मक्याची शेतं, सफरचंदाच्या बागा, मधेमधे झाडी. त्यांना आणखी काय हवं? मग हरणं कमी तिथं हंगाम जवळजवळ दुप्पट, हा उफराटा न्याय वाटतो.

तो उफराटा नाही. उत्तरेत रान दाट, रस्ते थोडे, शिकारी विखुरलेले. आठवडाभर पायपीट करूनही हरीण दिसेलच असं नाही. शिवाय मुख्य हंगामात तिथं मारायचा तो शिंगवाला नर. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळं काही नर गेले म्हणून पुढच्या जूनमध्ये पाडसं कमी होत नाहीत. त्या रानाच्या गाभ्यात माद्या मारायचे जादा परवाने देतच नाहीत, कारण तिथली खरी छाटणी हिवाळा करतो. बर्फ मांडीभर साचला की हरणं हेमलॉक या सदाहरित सूचिपर्णी झाडांच्या दाट सावलीखाली गोळा होतात, तुडवून तुडवून अरुंद वाटा करतात आणि तोंड पोचेल तेवढ्या डहाळ्या कुरतडून दिवस काढतात. आधी मरतात ती पाडसं.

दक्षिणेत हिवाळा सौम्य, चारा भरपूर, शिकारी खूप. हंगाम उघडतो तो ऐन माजाच्या दिवसांत, नर बेसावध फिरत असताना. म्हणून दिवस कमी. पण कळप आवाक्यात राहतो तो माद्यांच्या परवान्यांवर, आणि त्यांची संख्या एकेका छोट्या विभागासाठी वेगळी ठरते. माझं ठाम मत आहे की वाद दिवसांवर घालण्यापेक्षा या परवान्यांच्या आकड्यावर घालावा.

हरणांना माजाची वेळ दिवसाच्या लांबीवरून कळते, पण ती प्रदेशाप्रदेशात वेगळी असते. न्यूयॉर्कमध्ये ती नोव्हेंबरच्या मध्यावर, दक्षिणेकडच्या अलाबामा राज्याच्या बऱ्याच भागांत जानेवारीत. एका प्रदेशाचं वेळापत्रक उचलून दुसऱ्याला लावता येत नाही ते यासाठी.

परवान्यांचे हे आकडे कुठून येतात, ते मी खाटकाच्या दुकानामागं पाहिलं. शिकारी हरीण कापायला तिथं देतात, आणि राज्याचे जीवशास्त्रज्ञ तिथं येऊन मुंडकी तपासतात. त्या दिवशी एका बाईंनी बॅटरी धरून जबडा उघडला आणि खालची तिसरी उपदाढ मला दाखवली. तीन उंचवटे असले तर ती दुधाची, दोनच असले तर पक्की. ही दाढ दीड वर्षाच्या आसपास बदलते, त्यावरून वय कळतं. नंतर त्यांनी दीड वर्षाच्या नराच्या शिंगाची बुडाची जाडी मोजली. चारा कमी पडला की शिंग बारीक राहतं. एवढ्याशा मोजमापातून त्या भागात हरणांची दाटी झाली आहे का, ते उमगतं. गार हातांनी भराभर चाललेलं ते काम पाहून माझा या व्यवस्थेवर विश्वास बसला.

काकांची बाग न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला लागून असलेल्या वेस्टचेस्टरमध्ये आहे, आणि होस्टा नावाची शोभेची पानझाडं सगळी हरणांनी फस्त केली आहेत. तिथं बंदूक मुळीच नाही, फक्त धनुष्यबाण, पण हंगाम १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर असा लांबलचक. घरं दाट असल्यामुळं दुसरा मार्गच नाही. बंदूक घरापासून ५०० फुटांच्या आत चालवता येत नाही, धनुष्याला १५० फूट पुरतात. तरी काका, तुमच्या मागच्या अंगणात उभं राहून मोजा, चारी बाजूंच्या घरांपासून १५० फूट भरणार नाहीत. शेजाऱ्यांनी संमती दिली तर ती अट सुटते. म्हणून तुमच्या गल्लीत हंगाम आणखी महिनाभर वाढवून काही होणार नाही. आधी कुंपणापलीकडच्या दोन घरांची दारं वाजवावी लागतील.